खुब्यातली वाटी

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तर वर्षं झाली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, "आबा, खुब्याचा सांधा संपलाय. बदलावा लागेल."

याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. दोन हाडांमधली गादी झिजते आणि हाडावर हाड घासतं.

"गोळी द्या, भागवतो," मी म्हणालो.

"आजवर गोळ्यांवरच भागवलंत."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण ज्यांना हे ऑपरेशन सांगितलंय, त्यांच्यासाठी लिहितोय.

डॉक्टरांनी खुब्याच्या खोबणीत बसवायची टायटॅनियमची वाटी नमुना म्हणून हातात दिली. आतून गुळगुळीत, बाहेरून टाच घासायच्या दगडासारखी खरबरीत, बारीक भोकाभोकांची. "ही पोरस, म्हणजे सच्छिद्र. हिला सिमेंट लावत नाही. भोकांत तुमचं हाड वाढत शिरेल आणि वाटी धरेल. तोवर वॉकर सोडायचा नाही, मांडी घालायची नाही, उंच खुर्चीवरच बसायचं. वाटी सारखी हलली तर हाडाऐवजी नुसता मऊ पडदा धरतो. मग ती सैल होते, आणि पुन्हा ऑपरेशन."

ऑपरेशन चांगलं झालं. खरा त्रास घरी आल्यावर. दुखत नव्हतं, म्हणून एका जागी बसवत नव्हतं. आत काही शिरतंय की नाही, काहीच कळत नाही. अंगणात फेऱ्या मारायचो, परत खाटेवर, परत अंगणात.

एकदा वॉकर घेऊन गल्लीत गेलो तर गल्लीतलाच दत्तू दारातनं ओरडला, "आबा, चार पायाचं झालासा की!" सगळे हसले. त्यानंतर मी उंबऱ्याबाहेर पडलो नाही.

मग भैरोबाची जत्रा आली. आमच्यात थोरल्यानं मांडी घालून पहिला घास घेतल्याशिवाय भावकीची पंगत जेवत नाही. थोरला मी. वॉकर दारामागं ठेवला, भिंत धरून गेलो.

पुतण्या म्हणाला, "खुर्ची आणू का?"

"खुर्चीवर पावनं बसत्यात," म्हणालो आणि मांडी घातली.

उठताना मांडीच्या मुळात चमक निघाली. कुणाला बोललो नाही. पण मालननं, आमच्या मंडळीनं, तोंड बघूनच ओळखलं.

आमची द्राक्षबाग. जंगली खुंटावर काडीचं कलम मी स्वतः भरतो. मालन म्हणाली, "पट्टी बांधल्यावर एका गड्यानं काडी हलवून बघितली, तर त्याला बांधाभाईर काढलासा. आन सोताचं कलम पंगतीत हलवून आलासा व्हय?"

मी दारामागचा वॉकर काढला.

मिरजेला एक्स-रे काढला. नंबर येईपर्यंत बाकावर बूड टेकवेना. परत खुबा उघडतात की काय, एवढंच डोक्यात. लोक म्हणत, "बसा की आजोबा." वॉकरला धरून तसाच उभा राहिलो.

डॉक्टरांनी जुना एक्स-रे शेजारी लावून दोन्ही ताडून बघितले.

"वाटी हललेली नाही. या खेपेला वाचलात. पण हाड अजून पुरतं धरलेलं नाही. त्याला निवांत राहू द्या."

निवांत! जन्मात जमलं नाही ते. पण माझं म्हातारं हाड अजून नव्यानं वाढतंय, लोखंडासारख्या वस्तूत मुळ्या सोडतंय, हे ऐकून ऊर भरून आला. त्याला उपद्रव देणारा एकटा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर टकटक वाजवत भर गल्लीतनं गेलो. दत्तूच्या दारात थांबलो. तो तोंड उघडायच्या आत म्हणालो, "चार पायाचं जनावर आलंय रं. चहा टाक. आन खुर्ची आण, उंच बघून."