मिठातला बर्फ

हैदराबादच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं मी पाण्यातून आणि बर्फातून प्रकाश सोडत बसलो होतो. पाण्याचा प्रत्येक कण शेजारच्या कणांना हायड्रोजनच्या बंधानं धरून असतो. पाण्यात ही पकड क्षणोक्षणी सुटते, पुन्हा जुळते. म्हणून फोटोच्या काचेवर त्यातून आलेल्या प्रकाशाचा पट्टा रुंद, पसरट उमटतो. बर्फात एकेक कण चौघांना धरून जागच्या जागी थरथरतो. पकड घट्ट, आणि पट्टा थोडा बाजूला सरकलेला. ते सरकणं मोजता येतं म्हणून मी स्वतःला फार शहाणा समजायचो.

उन्हाळ्यात धाकट्या बहिणीला मुदतीचा ताप आला आणि मी हसनाबादला घरी आलो. ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर बर्फ ठेवत राहा. बर्फ मिळायचा जालना स्टेशनावर, रेल्वेनं आलेला. भुशात, गोणपाटात गुंडाळलेली लादी बैलगाडीनं घरी आणली तेव्हा निम्मी उरली होती. तरी उद्यापर्यंत पुरली असती. मायला "जपून ठेव" एवढंच म्हणालो आणि ओसरीवर आडवा झालो.

बहिणीच्या हाकेनं जाग आली. "दादा, गार ठिव ना."

बर्फाच्या घंगाळात नुसतं पाणी होतं. तळाशी जाडं मीठ दिसलं.

"मिठात कैरी वरीसभर ऱ्हाती," माय म्हणाली. "मंग बरफ न्हाई ऱ्हानार? चांगलं चोळून ठिवलं."

बर्फापासून सुटलेल्या पाण्याला मीठ आपल्याकडे ओढतं, परत बर्फाला जुळू देत नाही, म्हणून बर्फ लवकर वितळतो. हे घरात मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी घोरत पडलो होतो. मायचा राग आला नाही. स्वतःचीच शिसारी आली.

तशीच गाडी पुन्हा जुंपली. दुसरी लादी घेऊन आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. लादी गाडीतच राहिली.

तेरावं झाल्यावर मायनं चुलीपाशी विचारलं, "माझ्या मिठानं गेला का रं बरफ?"

"न्हाई माय. बरफच त्यो, जायचाच."

तिनं मान हलवली. मला वाटलं, पटलं. मग तिनं मला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं. माझ्या ताटात मीठ होतं. तिच्यात नव्हतं, आणि पुढं ती होती तोवर कधीच नव्हतं.