सबनीसकाकांचं आउटडोअर युनिट

अन्याय मधुकर सबनीस आणि त्यांच्या पत्नी सुनंदा यांच्यावर झाला. गेल्या जुलैतल्या तिसऱ्या मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, लंडनच्या ईलिंग भागातल्या आमच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. वेळ नेमकी सांगता येते, कारण ती मीच वहीत लिहिली. तसं काकांनीच सांगितलं होतं. काम संपलं की वेळ लिहायची आणि खाली सही करायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. स्वतःच्या घरातला एसी स्वतःच्या हातांनी काढून टाकायचं काम असलं तरी.

काकांना मी ओळखायला लागले ते माझ्याच चुकीमुळे. मी भाडेकरूंच्या एका गटासाठी पत्रकं लिहिते. आमच्या इमारतीत पश्चिमेला सगळी काच आहे, खिडक्या सुरक्षेच्या नावाखाली चार बोटंच उघडतात आणि गरम पाण्याचे पाइप भर उन्हाळ्यातही कॉरिडॉरमधून फिरत असतात. त्यावर मी एक पत्रक लिहिलं, इंग्रजीत आणि मराठीत, आणि दारांखालून सरकवलं. तासाभरात एक उंच, किडकिडीत गृहस्थ माझ्या दारात उभे. हातात पत्रक आणि लाल पेन्सिल.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"'एसी थंड हवा तयार करतो, पण तो प्रत्येकाला परवडत नाही.' यातलं दुसरं बरोबर आहे. पहिलं खोटं आहे."

मी म्हटलं, "काका, मुद्दा तो नाहीये."

"मुद्दा तोच आहे. थंडी नावाची वस्तू नसते. ती कोणी तयार करत नाही. इथली उष्णता उचलायची आणि तिकडे नेऊन टाकायची, एवढंच काम. तुझ्या पत्रकात पहिलंच वाक्य खोटं असेल तर पुढचं कोण कशाला वाचेल?" एवढं बोलून त्यांनी हाताची मागची बाजू माझ्या दाराबाहेरच्या भिंतीला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तीस डिग्री. जरा वरच." मग लिफ्टकडे चालू लागले.

ही हात लावायची सवय त्यांना कुठेही गप्प बसू देत नसे. फ्रीजची मागची बाजू, बसची खिडकी, कोणाच्या घरचा रेडिएटर. मराठी मंडळाच्या दिवाळीला कोणीतरी विचारायचंच, "अहो, हॉस्पिटलमध्ये तुम्ही कुठल्या स्पेशालिटीत?" काका गंभीरपणे म्हणायचे, "रक्ताच्या." समोरचा सावरून बसायचा. मग काका सांगायचे, "रक्तपेढीचे फ्रीज बंद पडू देत नाही. पडले असते तर तुमची स्पेशालिटी त्या दिवशी घरी बसली असती." हॉस्पिटलमध्ये नोकरी आधी लागली ती काकूंना, नर्सची. काका त्यांच्यामागून पुण्याहून आले आणि त्याच हॉस्पिटलच्या तळघरात कूलिंगच्या मशीन सांभाळत रिटायर झाले. "मी बायकोच्या व्हिसावर आलेला माणूस," हे ते मोठ्या अभिमानाने सांगत.

काकूंना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. उष्णता वाढली की मेंदूचा निरोप त्यांच्या पायांपर्यंत पोचत नाही. खोली गार असेल तर वॉकर धरून त्या किचनपर्यंत जातात, स्वतःचा चहा करतात. खोली तापली की खुर्चीतून बाथरूमपर्यंत जाणंही होत नाही. म्हणजे त्या घरी राहणार की नर्सिंग होममध्ये, कायमच्या शुश्रूषागृहात, हे त्या खोलीच्या तापमानावर ठरत होतं. हे मी काही वाढवून लिहीत नाही. सोशल वर्करच्या कागदावर जवळपास याच शब्दांत आहे.

पहिल्या उन्हाळ्यात काकांनी एक पोर्टेबल एसी आणला आणि आठवड्यात परत केला. त्याची एकच नळी हवा बाहेर फेकते. तेवढीच हवा दाराच्या फटीतून आत येते, आणि आमच्या दाराबाहेर काय आहे ते वर लिहिलंच आहे. दुसऱ्या वर्षी त्यांनी खरा स्प्लिट एसी आणला. भिंतीला एकही भोक नाही. बाहेरचं युनिट बाल्कनीच्या फरशीवर, रबरी पायांवर. पाइप बाल्कनीच्या दारावरच्या झडपेतून, तिथे काचेऐवजी पॅनेल बसवून. काकांचं गॅस हाताळायचं सर्टिफिकेट अजून चालू होतं, ते त्यांनी फ्रेम करून पॅनेलशेजारी लावलं.

बसवण्याआधी किचनच्या टेबलावर सगळं उघडून त्यांनी माझी शिकवणी घेतली.

"ही आतली कॉइल. हिच्यात द्रव येतो तो इतका थंड, की सुनंदाच्या खोलीच्या उबेवरच उकळतो. उकळायला उष्णता लागते, ती तो खोलीतून घेतो. पंखा खोलीची हवा कॉइलवरून फिरवत राहतो. हवेतलं पाणी कॉइलवर धरतं, ते या नळीने खाली जातं. समजलं?"

"समजलं."

"मग सांग, ही वाफ बाहेर गेली की कॉम्प्रेसर तिला दाबतो कशाला?"

"पुढे ढकलायला?"

"ते तर आहेच. पण दाबली की ती तापते. बाहेरच्या उन्हापेक्षा जास्त तापते, आणि तापायलाच हवी. बाहेरच्यापेक्षा गरम असल्याशिवाय ती बाहेरच्या हवेला उष्णता देणार कशी? ती देते या बाहेरच्या कॉइलमध्ये, आणि देऊन पुन्हा द्रव होते. मग हा व्हॉल्व्ह. याचं भोक सुईच्या नाकाएवढं. त्यातून द्रव सुटला की दाब एकदम उतरतो, तो गार पडतो, आणि परत आत."

खुर्चीतून काकू म्हणाल्या, "अहो, तिला चहा तरी पिऊ द्या. केतकी, मला यांनी लग्नाच्या आधी भेटायला बोलावून हेच सांगितलं होतं. मला वाटलं, माणूस लाजतोय."

तो उन्हाळा काकू घरात चालल्या. एकदा त्यांनी मला दार उघडलं. स्वतः. मी पत्रकात कधीच विजय वगैरे शब्द वापरत नाही, पण तो होता.

मग पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तक्रार गेली. बाल्कनीत गुणगुण ऐकू येते, आणि गरम हवा येते. तक्रार खालच्या मजल्यावरच्या, आपल्यातल्याच एका जोडप्याची. नाव लिहीत नाही, काकांनी शपथ घातली आहे. "त्यांना ऐकू येतं ते खरं आहे," ते म्हणाले. "फ्रीजइतका आवाज आहे, पण आहे."

इमारत ज्यांच्या मालकीची आहे त्या हाउसिंग असोसिएशनने फॉर्म पाठवला. परवानगी आधी का घेतली नाही, वगैरे. त्यात एक प्रश्न होता: या यंत्रामुळे इमारतीच्या बाहेर उष्णता सोडली जाते का, आणि किती?

मी म्हटलं, "काका, रिकामं सोडा. नाहीतर लिहा, 'नगण्य'."

"नगण्य नाहीये."

"त्यांना कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना." आणि त्यांनी त्यांच्या सरळ, सुबक इंग्रजीत लिहिलं: खोलीतली सगळी उष्णता, आणि त्याशिवाय कॉम्प्रेसरच्या कामाची. म्हणजे जितकी आतून काढतो त्याहून थोडी जास्त.

मी भांडले. खूप भांडले. मी म्हटलं, तुम्ही काकूंपेक्षा त्या वाक्यावर जास्त प्रेम करता. काकूच म्हणाल्या, "अगं, हे खोटं लिहायला बसले तर रात्रभर झोपणार नाहीत, आणि मग मला कोण उचलणार?"

नकाराचं पत्र आलं. त्यात काकांचंच वाक्य अवतरणचिन्हांत होतं. अर्जदाराच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार हे यंत्र घरातून काढते त्याहून अधिक उष्णता शेजाऱ्यांकडे सोडते, सबब परवानगी देता येत नाही. चौदा दिवसांत काढावे, अन्यथा आमचा कंत्राटदार काढेल. कॉरिडॉरमधले त्यांचे स्वतःचे पाइप किती उष्णता सोडतात, हे विचारणारा फॉर्म मात्र कोणी छापलेला नाही.

मी अपील लिहिलं. सह्या गोळा केल्या. आमच्या वॉर्डाच्या काउन्सिलरला तीन ईमेल केले, एकाचं उत्तर आलं, त्यात सहानुभूती होती. डॉक्टरांचं पत्र जोडलं. अपील विचाराधीन असताना मुदत चालूच राहील, असं कळवण्यात आलं. मला आवाज चढवता येतो, घोषणा येतात, मोर्चा काढता येतो. असोसिएशनच्या ऑफिसात काउंटरमागे बसलेली मुलगी माझ्याच वयाची होती, आणि ती म्हणाली, "मी तुमच्या जागी असते तर मलाही राग आला असता." यापुढे काय करायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही.

कंत्राटदाराची वाट काकांनी पाहिली नाही. "ती पोरं पाइप कापतील, गॅस हवेत सोडतील," ते म्हणाले. त्या मंगळवारी बाहेर बत्तीस होतं. त्यांनी एसी कूलिंगवर चालू ठेवला, बारक्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद केला आणि दाब दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेवली. आतला सगळा गॅस कॉम्प्रेसर ओढून बाहेरच्या युनिटमध्ये भरत होता. काटा खाली आला तसा त्यांनी जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद केला आणि म्हणाले, "सुनंदा, आता बंद करतो हं."

"करा," काकू आतून म्हणाल्या. "आज बरंच गार केलंत."

नट सोडले, पाइपांच्या तोंडांना टोप्या बसवल्या, फरशी पुसली. चार दहा.

चौथ्या दिवशी काकू बाथरूमच्या दारात पडल्या. खुबा मोडला. हॉस्पिटलमधून त्यांना घरी पाठवायला सोशल वर्कर तयार झाल्या नाहीत. खोली पाहून गेल्या आणि म्हणाल्या, हीट रिस्क. आता काकू दोन बस लांब असलेल्या नर्सिंग होममध्ये आहेत. काका रोज अकराला जातात, सहाला परततात. मी एकदा बरोबर गेले. तिथल्या हॉलमध्ये एसी आहे. भिंतीला व्यवस्थित भोक पाडून, बाहेर युनिट लटकवून. काकांनी आल्या आल्या त्याच्या हवेत हात धरला.

"फिल्टर धुतलेला नाही," ते म्हणाले. "मी मॅनेजरना लेखी विचारलंय, धुऊ का म्हणून. तीन आठवडे झाले."

"मग धुवून टाका की."

"परवानगीशिवाय कसं?"

काकू माझा हात धरून हसल्या. मला हसू आलं नाही. घरी आल्यावर मी एसीच्या परवानगीचा नवा अर्ज भरायला घेतला. तोच प्रश्न आहे, आणि काकांचं उत्तर मी शब्दशः तसंच लिहिलं आहे, कारण ते खरं आहे. खाली शेजाऱ्यांसाठी एक रकाना आहे: आपली हरकत आहे काय? चौथ्या आणि पाचव्या मजल्याची उत्तरं अजून यायची आहेत. काकू परत येतात की नाही, ते त्यावर आहे.

तुम्ही त्या मजल्यांवर राहत असाल, तर तो कागद उद्या भरा. राहत नसाल, तर असा कागद तुमच्याही इमारतीत कधीतरी फिरत येईल. वरच्या माणसाच्या खोलीत दुपारी चार वाजता दहा मिनिटं बसून या, मग खाली येऊन त्या रकान्यात 'हरकत नाही' लिहा, आणि सही करा.