वरचं पाणी सारून

पाण्याची बाटली भरायचा मला पगार मिळतो, हे गावी फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे ते तुला पाणी देतात, की तू त्यांना देतेस?" आमच्या खानापूर तालुक्यात बायकांनी पाण्यासाठी उन्हाळेच्या उन्हाळे तुडवलेत. माझी शाळा आठवीत सुटली तीही पाण्यापायीच. हायस्कूल शेजारच्या गावात, विहीर उलट्या बाजूला, आणि दोन्हीकडे एकाच सकाळी जाता येत नसे. तेच पाणी भरण्याचे मला कुणी पैसे देईल, हे आईला थट्टेसारखं वाटलं. मलाही पहिले काही महिने तसंच वाटत होतं. कुणीतरी येईल आणि म्हणेल, बाई, चुकून झालं, उद्यापासून येऊ नका.

मी कोलकात्यात आले ती लग्न होऊन. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पसरलेली आहेत, तसे आमचे हे इथे. बागबाजारात एक खोली, खाली गल्ली, गल्लीच्या टोकाला गंगा. मी रोज सकाळी घाटावर जाऊन हात जोडून येत असे. तिथेच ती बाई दिसायची. पायरीवर बसून काचेच्या बाटल्या भरणारी, चष्म्याला दोरी लावलेली. एका विज्ञान संस्थेत ती संशोधक होती आणि नदीच्या पाण्यात प्लास्टिकची धूळ किती तरंगते ते शोधत होती. एकदा तिचा पाय घसरला, मी हात दिला आणि बोलणं सुरू झालं. माझं हिंदी मोडकं, तिचं त्याहून मोडकं. तिने विचारलं, "बौदी, तुम्ही रोज येताच, तर माझी बाटली भराल?" वहिनीला इथे बौदी म्हणतात. मी तिला दीदी म्हणू लागले.

तिने मला काम शिकवलं तेव्हा मी थक्क झाले होते. बाटली काचेचीच हवी. झाकणाखाली चांदीसारखा कागद. पाणी भरायला जाताना नायलॉनची साडी नको, सुतीच हवी, कारण साडीचे धागे झडून पाण्यात पडतात. किती वाजता भरलं, नदीला भरती होती की ओहोटी, हे वहीत लिहायचं. एकदा तिने मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. आमच्या घाटाचं पाणी गाळलेल्या पांढऱ्या कागदावर एक निळा धागा पडला होता, केसाहून बारीक, वळलेला. "ही कुणाची तरी साडी आहे," दीदी म्हणाली. मी घरी येऊन माझ्या निळ्या साडीकडे कितीतरी वेळ बघत बसले.

वर्षभर मी एकही दिवस चुकवला नाही. तापात गेले, दुर्गापूजेच्या गर्दीत गेले. मग दीदीने सांगितलं की ज्या निधीवर हे काम चाललंय तो संपत आलाय. सरकारकडे नवा अर्ज करावा लागेल, देशभरातून लोक अर्ज करतात, थोड्यांनाच मिळतो. मिळाला तर तीन वर्षं काम. नाही मिळाला तर तिचं संशोधन थांबेल आणि बाटलीही थांबेल. म्हणजे मीही.

सरकारी अर्ज म्हणजे माझ्या डोक्यात रेशनकार्डाचा अर्ज. एक पान, दोन फोटो, एक शिक्का. हा अर्ज लिहायला दीदीला दोन महिने लागले. मी वही द्यायला संस्थेत जायचे तेव्हा ती आणि तिचा विद्यार्थी संगणकासमोर बसलेले असायचे. अर्ज म्हणे, जे करायचंय ते आधी कुणी केलं नाही हे सिद्ध करा. होईलच हेही सिद्ध करा. कुठल्या महिन्यात काय करणार ते आत्ताच सांगा. आणि सगळं इतक्याच शब्दांत, एकही जास्त नाही. एक वाक्य ती दिवसभर घासत होती. मी विचारलं, "दीदी, तुम्हाला तर सगळं येतं, मग एवढं काय?" ती म्हणाली, "बौदी, जे वाचणार त्यांनाही सगळं येतं. तीच तर भीती आहे." एवढी शिकलेली बाई परीक्षेआधीच्या पोरीसारखी नखं खात होती. भीती आठवी शिकलेल्यालाच वाटते असं मी इतके दिवस धरून चालले होते.

अर्जात कामाच्या माणसांची माहिती द्यायची होती. विद्यार्थ्याने मला विचारलं, "बौदी, शिक्षण किती लिहू?" मी मान खाली घातली. तो हसून म्हणाला, "लिहितो, बर्गी. पूर्वी तुमच्या लोकांच्या भीतीने इथे खंदक खणला होता, आता तुम्ही आमचं गंगेचं पाणी लुटताय." मराठ्यांच्या घोडेस्वारांना इथे बर्गी म्हणतात आणि तो मला नेहमी तसंच चिडवायचा. दीदीने त्याच्या डोक्यात टपली मारली. "आठवी लिही. खरं आहे ते लिही. आणि पुढे लिही, वर्षभरात एक दिवस खाडा नाही."

अर्ज बंद व्हायला एक आठवडा उरला होता त्या दिवशी तिने मला समोर बसवलं आणि सारांश हिंदीतून समजावून सांगितला. "ज्याच्या कामावर अर्ज उभा आहे, तिला कळलं पाहिजे," म्हणाली. टेबलावर पाण्याचा पेला होता. त्याच्या पाण्यावर तिने तळहात आडवा धरला. "प्लास्टिकची धूळ हलकी. ती इथे असते, अगदी वर, सायीसारखी. आपल्या बाटल्यांत या वरच्या थराचं पाणी आहे. आणि बघा, तुमच्या घाटावर ती दुसऱ्या संशोधकांनी मोजलेल्या घाटांपेक्षा कितीतरी कमी निघाली. का, तेच शोधायला आपण निधी मागतोय."

मी त्या आडव्या तळहाताकडे बघत राहिले. मी चहा संपवला, वही दिली, घरी आले.

लहानपणी पाणी भरायला शिकले ती आजीच्या हाताखाली. घागर बुडवायच्या आधी तिच्या बुडाने वरचं पाणी सारायचं. एकदा, दोनदा, तीनदा. पालापाचोळा, किडे, शेवाळ, धूळ बाजूला झाली की मग घागरीचं तोंड बुडवायचं. न सारता भरलं की पाठीत धपाटा बसायचा. हे मला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं, कारण मी ते करते हेच मला माहीत नव्हतं. श्वास घेतो तसं ते. वर्षभर रोज सकाळी मी दीदीची काचेची बाटली हातात धरून आधी तिच्या बुडाने वरचं पाणी सारलं होतं, तीनदा, आणि मग खालचं स्वच्छ पाणी तिच्यासाठी भरून आणलं होतं. चांगलं पाणी न्यावं म्हणून.

दुपारी हे जेवायला आले. मी सगळं सांगितलं.

"मग गप बस की," हे म्हणाले. "तिला कुठं दिसलंय? अर्ज जाऊ दे. पुढच्या वर्षापास्नं नीट भर."

"आणि सगळं खोट्यावर उभं राहील त्याचं?"

"तू काय मुद्दाम केलंस काय?"

"मुद्दाम नाही. पण आता कळलंय."

ते भाकरी मोडत राहिले. मग हात थांबला. "आम्ही दुकानात सोनं तपासून देतो, त्याची शुद्धता कागदावर लिहून देतो. एकदा चुकलं होतं माझं. शेठला न सांगता बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. चार दिवस घास गिळंना, मग सांगितलं." पुन्हा जेवू लागले. "सांग जा. काम गेलं तर गेलं. पण नीट सांग, रडत बसू नकोस तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करून दीदीला घाटावर बोलावलं. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून म्हटलं, "दीदी, मी भरते, तुम्ही नुसतं बघा." बाटली घेतली, पायरीवर बसले. झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या. बाटलीच्या बुडाने पाणी सारलं. एकदा. दोनदा. तीनदा. पाकळ्या लांब गेल्या. मग बाटली बुडवली.

दीदीचा विद्यार्थी सोबत होता, त्याने कपाळाला हात लावला. "सर्वनाश! बौदी, रोज? रोज असंच?"

"रोज," मी म्हटलं. "एकही दिवस खाडा नाही."

त्याला हसावं की रडावं कळेना. पण दीदी खालच्या पायरीवर येऊन माझ्या शेजारी बसली, साडी ओली होईल याकडे न बघता. "तू गप्प राहा," ती त्याला म्हणाली. "चूक यांची नाही. काच सांगितली, साडी सांगितली, भरती-ओहोटी सांगितली. बाटली कशी बुडवायची ते मी सांगितलं? आपण वर्षभर प्रयोगशाळेत बसलो. एक दिवस येऊन बघितलं असतं तर?" मग माझ्याकडे वळली. "पुन्हा करा. सावकाश."

मी पुन्हा केलं. तिने बघितलं. तिसऱ्यांदा करायला लावलं. आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग नव्हता. सूक्ष्मदर्शकात डोळा लावताना ती जशी दिसते तशी दिसली. "घाटावर घरासाठी पाणी भरणाऱ्या सगळ्याच बायका असं करतात?"

"करतातच की. बघा ना."

दोन पायऱ्या सोडून एक म्हातारी पितळी लोटा भरत होती. तिनेही तीनदा सारलं. इथलीच म्हातारी, माझ्या आजीला कधी न भेटलेली.

त्या दिवशी दीदीने दोन महिने घासलेला अर्ज उघडला आणि आमच्या घाटाचा आलेख माझ्यासमोर काढून टाकला. मला वाटलं होतं ती ते आकडे कुठेतरी खाली ढकलेल. तिने लिहिलं की वर्षभराचे नमुने वरचा थर सारून घेतलेले आहेत, हे आम्हाला आत्ता कळलं, त्यामुळे आमचा आधीचा निष्कर्ष टिकत नाही. उरलेल्या दिवसांत आम्ही रोज दोन बाटल्या भरल्या, एक सारून, एक न सारता. विद्यार्थ्याने गाळल्या, मोजल्या. न सारलेल्या बाटलीत धागे जास्त, रोजच. पाच दिवसांचं काम, एका वर्षाच्या जागी. नवा प्रश्न असा की पाणी सारण्याच्या सवयीने माणसाच्या घागरीत प्लास्टिक किती कमी जातं. शेवटच्या दिवशी पाच वाजता अर्ज बंद होणार होता. शिक्क्याचा कागद मोठा झाला म्हणून संगणक तो घेईना, विद्यार्थ्याने तीनदा लहान केला. पावणेपाचला गेला. तिघांनी मुढी खाल्ली, म्हणजे आपले चुरमुरे.

काही महिन्यांनी मुलाखत आली, संगणकावरच. मी दाराबाहेर बसले होते. आत कुणीतरी खूप वेळ बोलत होतं, मग दीदी. मग दार उघडलं. "बौदी, बादली आणा."

पडद्यावर पाच-सहा माणसं छोट्या छोट्या चौकोनांत. त्यातल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी हिंदीत विचारलं, "ताई, तुम्ही पाणी कसं भरता, दाखवाल?" बादलीवर विद्यार्थ्याने चहाची पूड भुरभुरली, म्हणजे दिसावं. मी बाटलीच्या बुडाने सारलं. एकदा, दोनदा, तीनदा. पूड कडेला गेली. बाटली भरली, वर धरली. ते गृहस्थ पुढे झुकले. "माझी आई असंच भरायची," ते म्हणाले. "का, ते मी कधी विचारलं नाही." मग त्यांनी दीदीला इंग्रजीत इतके कडक प्रश्न विचारले की तिला घाम फुटला. मी बादली उचलून बाहेर आले.

निधी मिळाला. तीन वर्षांऐवजी दोन वर्षांचा, एक यंत्र कापून. दीदीने पत्र वाचून दाखवलं तेव्हा मी माझी ओळ दोनदा ऐकली. घाटावरची मदतनीस, मंजूर.

आता रोज दोन बाटल्या. सारून भरायची ती डोळे मिटूनही भरेन. दुसरीसाठी मात्र अजून मन घट्ट करावं लागतं. बाटली पाण्याजवळ नेली की मनगट आपसूक वळायला लागतं, आणि मी डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवते. काल शेजारच्या पायरीवरची म्हातारी बघून ओरडली, "ओ मा, न सारता भरतेस? कुणी शिकवलं नाही तुला?"

"शिकवलंय, मावशी," मी म्हटलं, आणि पाकळ्यांसकट बाटली भरली.