तिकटीवरचा भात

वर्षाराणीच्या घरात फ्रिजला कुलूप आहे. पावणं आलं की आधी कुलपाकडं बघतात, मग वर्षाराणीकडं, जणू हीच कैदाशीण. बघू देत! कुणाकुणाला सांगत बसायचं? नऊ वर्षांच्या क्रांतीच्या डोक्यातली गाठ काढली आणि पोरगी वाचली. पण पोट भरलं असं सांगणारी मेंदूतली जागाच कामातनं गेली. जेवून हात धुतला की पुन्हा भूक, तीही आतडी पिळवटणारी.

डॉक्टरीणबाईंनी क्रांतीच्या जुन्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. भूक लागली की तिनं त्यातल्या रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. मग पुढचं खाणं किती वेळानं ते दिसायचं आणि तोवर कोडी, चित्रं. जे तोंडात जाईल त्याचा फोटो काढायचा, तो लगेच आईच्या फोनवर. बाईंची अट एकच: "फोटो कसलाही येऊ दे, तिला रागवायचं नाही. एकदा लपवून खायला लागली, की पोरगी हातची गेली समजा."

वर्षाराणीनं ती अट जिवापाड सांभाळली. शेजारच्या चिवड्याचा फोटो आला तरी दातओठ खाऊन गप्प बसली. पण भाकरी थापताना त्या चेहऱ्याचा टुणकन आवाज आला की तिची तव्यावरची भाकरी करपायची. पुढं पुढं तर फोन बंद असतानाही तो ऐकू यायला लागला. नवरा शिरोलीला फाउंड्रीत कामाला गेला की घरात आणखी कुणीतरी वावरतंय, असं वाटून ती मागं वळून बघायची.

सासूला, म्हणजे आक्कांना, खात्रीच होती. "ही पोरीची भूक न्हवं. बाहेरचं हाय हे."

अमावस्येला दिवेलागणीच्या वक्ताला आक्कांनी उतारा केला. पत्रावळीवर दहीभात, अंडं, वर गुलाल. क्रांतीवरनं ओवाळून त्या तो तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं ठेवून आल्या. ज्याची भूक त्यानं खावी आणि पोरीला सोडावं! शिकलेल्या वर्षाराणीनं अडवलं न्हाईच, उलट हात जोडले. काय करेल, थकली होती बिचारी.

आक्का पाय धुवत होत्या, तोच फोन वाजला. फोटोत पत्रावळ, लाल भात आणि भातात बोटांचे फराटे. क्रांती घरात नव्हती.

वर्षाराणी अनवाणी धावली. पोरगी तिकटीवर उकिडवी बसलेली, ओठ गुलालानं लाल. क्षणभर आईलाच आपल्या लेकीचं भ्या वाटलं. मागनं आक्का कपाळ बडवत आल्या, "अगं अवदसे, त्येचं खाल्लंस व्हय!"

वर्षाराणीचा हात उठला.

"फोटो धाडलाय की गं," क्रांती अंग चोरत म्हणाली, "मग मारतीस कशाला?"

हात तसाच खाली आला. ती लेकीजवळ धुळीत बसली. "न्हाय मारत. पर हे खायाचं नसतंय, बाळा. दुसऱ्याचं असतंय हे."

"ठावं हाय. आज्जी म्हणती, भुताला लई भूक असती, त्येचं पोटच भरत न्हाय." क्रांतीनं पत्रावळ आईपुढं सरकवली. "म्हणून निम्मं ठेवलंय की त्येला."