मिस्ड कॉल उचलणारी बाई

इंटरनेटवरून चालणारे ऑफिसचे फोन विकायला मी वणीत फिरत होतो, तेव्हा पहिला होकार मिळाला तो कोळशाच्या ट्रकांच्या एका मालकाकडून. वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. ट्रान्सपोर्टच्या लाइनीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्याकडे फोन नीट चालला की बाकीची ऑफिसं आपोआप येणार, आणि नाही चालला तर मला वणीत कोणी दारात उभं करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आता बोलणं फुकटासारखं झालंय, तरी आमच्याकडचा ड्रायव्हर बोलत नाही. खाणीत गाडी भरली की मिस्ड कॉल. तो पाहून काका गाडी सोडवायचे कागद देऊन माणूस खाणीच्या गेटवर पाठवतात. त्यात बोलायचं काय?

काकांच्या फोनला जोडलेल्या आमच्या मशीनला मात्र मिस्ड कॉल ठाऊकच नव्हता. घंटा वाजायच्या आत त्यातली रेकॉर्ड केलेली बाई फोन उचलायची, आधी आमच्या कंपनीची जाहिरात ऐकवायची आणि मग कुठलं बटण दाबायचं ते सांगायची. ड्रायव्हर दचकून फोन कापायचे, पुन्हा लावायचे. इकडे काकांच्या टेबलावर चिडीचूप. भरलेल्या गाड्या गेटवर तशाच उभ्या.

"काहून बे, तुही बाई माह्या ड्रायव्हरले कायले उत्तर देऊन राह्यली? सांग ना आता!" भर ऑफिसात काका ओरडले.

बाहेर येऊन मी आमच्या कंपनीच्या पुण्यातल्या मार्केटिंगच्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, बाईला गप्प करा, एवढंच. साहेब म्हणाले, जाहिरात निघणार नाही, तुम्ही ग्राहकांना शिकवा. माझं डोकंच फिरलं. शिकवा? ज्यांनी जन्मात खाणीचं गेट पाहिलं नाही, ते आमच्या माणसांना फोन करायला शिकवणार? उंटावरून शेळ्या हाकणारी जात ही! तसं मी तोंडावर बोललो. तो राग अजूनही उतरलेला नाही.

संध्याकाळी काकांनी वायरी उपटून मशीन माझ्या हातात दिली. "तुह्या बापाकडे पाहून लावलं होतं," एवढंच म्हणाले. पुढच्या ऑफिसांत मला कोणी बसाही म्हटलं नाही.

महिनाअखेरीस साहेबांचा अभिनंदनाचा मेसेज आला. कंपनीची जाहिरात सगळ्यात जास्त वेळा वणीत ऐकली गेली होती.