शरयूचा न

शरयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरी मटार सोलत होते. तिचा भाऊ म्हणाला, झोपेतच गेली, काही त्रास झाला नाही. खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात आलं, हिचं बाई सगळंच कसं नीट... शाळेत पहिला नंबर तिचा, चित्रकलेचं बक्षीस तिचं, आणि आता जाणंही असं. शोकसभेत जो उठला त्याने खाडीवरच्या पाटीचीच गोष्ट सांगितली. एकाने तर तिथल्या सगळ्या पाट्या शरयूनेच लिहिल्या, असं ठोकून दिलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. त्या पाट्या मी लिहिल्या होत्या.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ठाण्याच्या खाडीकाठचा तिवरांच्या झाडीचा एक तुकडा राखून तिथे लोकांना फिरता येईल अशी पायवाट करायचं आमच्या ओळखीच्या काही मंडळींनी ठरवलं. शरयू एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करायची. लहानपणी पोलिओ झाल्यापासून तिच्या काखेत कुबडी असे. जिथे माझी कुबडी रुतेल अशी वाट मी काढणार नाही, असं तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं. म्हणून फळ्यांची, चढउतार नसलेली वाट झाली, कडेने धरायला दोर आला, आणि तिवराच्या फांद्या मुद्दाम हाताशी येतील अशा राखल्या. पाट्यांचा मजकूर मात्र माझ्याकडे, कारण मराठीची शिक्षिका मी. तिवराची मुळं श्वासासाठी चिखलातून वर डोकं काढतात. त्यावर मी लिहिलं, 'भरती आली की ही मुळं श्वास रोखून धरतात.' या एका वाक्यासाठी अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवली. शरयूने वाचलं आणि म्हणाली, छान आहे गं, पण जरा लांब नाही का? ते मी अजून विसरलेले नाही.

उद्घाटनाला अंध मुलींच्या शाळेला बोलावलं होतं. पाट्या माजिवड्याच्या एका पेंटरने रंगवल्या होत्या. त्याचा जन्म बागांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. एका पाटीसाठी मी लिहून दिलं होतं 'हात लावून पाहावे', पण सवयीने त्याचा ब्रश लिहून गेला, 'हात लावू नये'. सकाळच्या घाईत पाट्या ठोकल्या गेल्या, वाचतंय कोण? मुलींच्या बाईंनी ती पाटी मोठ्याने वाचली आणि पानांपर्यंत पोचलेले सगळे हात झटकन मागे आले. एकीने तर ते पाठीशी घट्ट बांधून घेतले. मी पेंटरला शोधायला धावले. वळून पाहते तर शरयू पाटीपाशी. तिने वाकून बोटावर खाडीचा चिखल घेतला, 'नये'मधला न त्याने झाकला आणि 'लावू'ला चिकटून नवा न काढला.

"बाई, आता वाचा," ती म्हणाली.

"हात लावून ये," बाईंनी वाचलं.

पाठीशी हात बांधलेली मुलगीच सगळ्यांत आधी पुढे झाली. तिने पान चाचपलं, चाटलंही, आणि खारट आहे म्हणून सगळ्यांना सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण आतून नुसती जळत होते. व्याकरण मी शिकवायचं आणि न हिने हलवायचा! माझी मुळं त्या दिवशी कुणी वाचलीसुद्धा नाहीत. पेंटरने पुढे तो चिखलाचा न रंगात पक्का केला, जुन्यावर पांढरा हात मारला, आणि ती पाटी शरयूची झाली ती झालीच.

पुढे खाऱ्या हवेने फळ्या कुजल्या, वाट बंद पडली. तेव्हा शरयू ती पाटी रिक्षात घालून, शीळफाट्यावरून धक्के खात माझ्या दारात आली. "घे, तुझी पाटी."

"माझी कसली? लोक तुझीच म्हणतात."

"अगं, लोकांच्या एक अक्षर लक्षात राहतं. बाकीचं कुणीतरी लिहावं लागतंच ना?"

हे वाक्यही माझ्या वाक्यापेक्षा बरं होतं... मी चहा टाकायला आत गेले.

पाटी गॅलरीत कुंड्यांमागे उभी आहे. उन्हाने पांढरा रंग उडून जुना न पुन्हा वर आलाय, त्यामुळे आता ती 'हात लावून नये' अशी वाचली जाते. सून म्हणते, रंगवून घेऊ या. मी नको म्हटलं. मत्सर काही माणसाबरोबर जात नाही, माझा तर मुळीच गेलेला नाही. पण ज्याचा करायचा ते माणूसच नाही, तर तो घेऊन जायचं कुठे? रोज सकाळी झाडांना पाणी घालायला गॅलरीत जाते, आणि तिच्या न ला हात लावून येते.