नाखव्याचं घड्याळ

नाखवा रागावला की मनगटावरचं घड्याळ सोडायचा आणि समोरच्याच्या पुढ्यात ठेवायचा. शिवी नाही, आवाज नाही. "किती वेळ लागला ते सांग. 'स्लो आहे' हे मना नको सांगू."

तो ठाण्यातल्या चेंदणीच्या कोळीवाड्यातला, म्हणून ऑफिसात सगळे नाखवा म्हणत. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटरची केबल त्याने स्वतः ओढली होती, फाइल सर्व्हरही त्यानेच उभा केला होता. मी डोंबिवलीहून यायचे. कॉन्व्हेंटात शिकलेली, नोकरीत अजून कायम न झालेली. चारचौघांत मराठी बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवायचे, तोवर विषय पुढे गेलेला असे. इंग्रजी मॅन्युअल वाचता येतं म्हणून मला त्याच्या हाताखाली दिलं. "पोरी, आधी मोज, मग बोल," असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं.

नवरात्रात जनरल मॅनेजरसाहेबांनी टेंभी नाक्याच्या देवीचा स्वतः काढलेला फोटो आणून दिला. सकाळी लॉगिन करताना प्रत्येकाला आधी दर्शन घडावं, अशी त्यांची इच्छा. नाखवा रजेवर होता. मी फोटो स्कॅन करून सर्व्हरवर ठेवला. दसरा झाला, देवीचं विसर्जन झालं. पडद्यावरची देवी उतरवायला मात्र कुणाचा हात धजेना.

फोटो लागल्यापासून रोज नऊ वाजता ऑफिस ठप्प. साठ माणसं एकदम पासवर्ड टाकत आणि दहा मिनिटं कोऱ्या पडद्याकडे बघत बसत. "काय नाखवा, भरती कधी येणार?" असं सेल्सवाले जाता-येता विचारत.

आठवडाभर आम्ही मोजलं. साडेआठला मी एकटीने लॉगिन केलं की अर्धं मिनिट, नऊला दहा मिनिटं. मग एका सकाळी नाखव्याने कुणाला न विचारता फोटो बाजूला केला. साठही जण मिनिटभरात आत.

साहेबांना देवी दिसली नाही. दुपारी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. तुझी केबल सडलीय आणि खापर देवीवर फोडतोस, असं ते नाखव्याला म्हणाले. एकच फोटो सर्व्हरवरून साठ ठिकाणी एका वेळी जातो. तोच प्रत्येक मशीनमध्ये ठेवला तर देवीही राहील आणि कामही चालेल, हे तो सांगू लागला. त्याला साहेबांनी अर्ध्यावर तोडलं, तेव्हा त्याने घड्याळ सोडून त्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. मग साहेब माझ्याकडे वळले. हा म्हणतो ते खरं का, असं त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. इंग्रजीत! अडखळायला निमित्तही उरलं नाही. आकड्यांचा कागद माझ्या मांडीवर होता.

"आय अ‍ॅम नॉट शुअर, सर," मी म्हटलं.

नाखव्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. टेबलावरचं घड्याळ उचलून मनगटाला बांधलं.

त्याची शहाडच्या गोदामात बदली झाली. तिथे कॉम्प्युटरच नव्हता. इकडे देवी पुन्हा सर्व्हरवर आली, आणि बाहेरची माणसं नवी केबल टाकायला लागली. त्यांचं काम संपलं त्या रविवारी मी एकटी ऑफिसात गेले आणि फोटो एकेका मशीनमध्ये ठेवत फिरले. सोमवारी सगळे झटपट आत. "बघा, केबलच होती," साहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

मी शहाडला फोन केला.

"किती?" त्याने विचारलं.

"चाळीस सेकंद."

"मोजलंस?"

"हो."

"मग आता बोल त्यांना." आणि फोन ठेवला.

मी बोलले नाही. कायम झाल्यावरही नाही. साहेबांचा संताप आजही येतो. पण त्यांना देवी तेवढी ठाऊक होती, आकडे मला ठाऊक होते. तो कागद अजून माझ्याकडे आहे. अक्षर माझं आहे, वेळ नाखव्याच्या घड्याळातली.